परदेशी मसुराचे पीक आणि गंजबासोद्याचा भाव

वाचकाचे पत्र

आमचे घराणे काही पिढ्यांपूर्वी सातारा भागातून सागरकडे आले आणि पुढे विदिशा जिल्ह्यात स्थिरावले. घरात मराठी बोलतो, मंडीत हिंदी. चौदा एकर जमीन आहे. रब्बीत त्यातल्या सात-आठ एकरांत मसूर असतो, बाकी गहू आणि हरभरा. माल गंजबासोद्याच्या मंडीत जातो. गेल्या हंगामात मळणी होताच सगळा मसूर विकला, कारण ऑस्ट्रेलियाचा माल बंदरावर उतरतो आहे, भाव आणखी पडेल, असे व्यापारी सांगत होते. यंदा पीक अजून शेतात उभे आहे आणि तेच बोलणे पुन्हा सुरू झाले आहे. पुण्याला असलेला पुतण्या कॅनडातल्या पेरणीचे आकडे फोनवर पाठवतो, पण त्यांचे काय करायचे ते मला उमगत नाही. माझे प्रश्न तीन आहेत. आमचा मसूर देशातच खपतो, तरी परदेशातल्या पिकाने आमचा भाव का हलावा? मार्चमध्ये विकावे की थांबावे? आणि भाव जर असाच परक्यांच्या हाती राहणार असेल, तर मसूर सोडून सगळा गहूच का करू नये?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न नीट सुटला की उरलेल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. भारतात मसुराचे उत्पादन साधारण पंधरा लाख टनांच्या आसपास असते आणि देशाची गरज त्याहून बरीच अधिक आहे. ही तूट आयातीतून भरली जाते. २०२३-२४ या वर्षात तर सोळा लाख टनांहून अधिक मसूर बाहेरून आला आणि त्यातला बहुतांश कॅनडा व ऑस्ट्रेलिया या दोनच देशांचा होता. तुमचा माल देशाबाहेर जात नाही हे खरे आहे, परंतु तो ज्या डाळ मिलच्या दारात जातो, त्याच दारात मुंद्रा किंवा हजिरा बंदरावर उतरलेला मालही येतो. मध्य प्रदेशातल्या कटनी शहरातला मिलवाला सकाळी भाव काढतो तेव्हा देशी माल किती रुपयांत पोहोचतो आणि आयातीचा किती रुपयांत पोहोचतो, हे दोन आकडे तो शेजारी शेजारी मांडतो. त्या दोहोंमधले अंतर फार वाढले की तो स्वस्त मालाकडे वळतो आणि महाग मालाला आपला भाव खाली आणावा लागतो. म्हणून कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्याशी तुमची स्पर्धा कोणत्याही परदेशी बाजारात होत नसून ती कटनीच्या मिलच्या दारातच होते.

या दुसऱ्या आकड्यालाच व्यापारी आयात पडतळ म्हणतात आणि ती घरबसल्या काढता येते. समजा, कॅनडाचा लाल मसूर भारतीय बंदरापर्यंत टनाला ५५० डॉलरने पडतो आहे आणि डॉलर ९० रुपयांचा आहे. म्हणजे टनाला ४९,५०० आणि क्विंटलला ४,९५० रुपये झाले. त्यावर १० टक्के आयात शुल्काचे ४९५ रुपये धरले की ५,४४५ होतात. बंदरावरची हाताळणी, व्याज, घट यांचे दीडशे आणि कटनीपर्यंतच्या वाहतुकीचे अडीचशे रुपये धरले, तर मिलच्या दारात तो माल ५,८४५ रुपयांना पडला. हे सगळे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. विक्रीच्या दिवशी त्या दिवसाचे खरे आकडे घालून तुम्हाला हा हिशेब करावा लागेल. परंतु यातला कोणता आकडा हलला की तुमचा भाव किती हलतो, हे या उदाहरणातूनही स्पष्ट दिसते. परदेशात पीक भरघोस येऊन टनामागे ५० डॉलर उतरले, तर तुमच्या क्विंटलमागे सुमारे ४९५ रुपये जातात. डॉलर एक रुपयाने महागला, तर क्विंटलमागे सुमारे साठ रुपयांचा आधार मिळतो. आणि शुल्क १० टक्क्यांवरून शून्य झाले, तर पीक जिथल्या तिथे असूनही एका रात्रीत ४९५ रुपयांचा आधार निघून जातो. परदेशी पिकाचा परिणाम तुमच्यापर्यंत कधीच एकटा येत नाही. तो डॉलरचा दर आणि दिल्लीचे शुल्क या दोन दारांतून येतो, आणि कधी कधी त्या दारांचे महत्त्व पिकाहून मोठे असते.

आता त्या पिकांचे वेळापत्रक पाहू, कारण तुमच्या अडचणीचे मूळ तिथे आहे. कॅनडातला मसूर जवळजवळ सगळा सस्कॅचवान प्रांतात होतो. तिथे पेरणी एप्रिलअखेर ते मे महिन्यात आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. तो माल आपल्या बंदरांवर साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मोठ्या प्रमाणात लागू लागतो. ऑस्ट्रेलियात हे पीक दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या राज्यांत मुख्यतः घेतले जाते, जवळपास सगळे लाल मसुराचे, आणि त्याची काढणी ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत चालते. तिथून भारत कॅनडापेक्षा जवळ असल्याने जानेवारी-फेब्रुवारीत त्या मालाची जहाजे येतात. तुमची काढणी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. म्हणजे तुमचा माल खळ्यावर येतो तेव्हा कॅनडाच्या मालाने गोदामे आधीच भरलेली असतात, ऑस्ट्रेलियाचा माल नुकताच उतरलेला असतो, आणि उत्तर प्रदेश, बिहार व तुमच्या भोवतालच्या सगळ्या जिल्ह्यांचा माल एकाच वेळी मंडीत येतो. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी नेमकी तुमच्या विक्रीच्या महिन्यात जमते. व्यापाऱ्यांनी हा बनाव रचला आहे असे मला वाटत नाही. तीन देशांच्या हवामानाने तो घडवला आहे. मात्र त्याचा लाभ व्यापारी घेतात हे नाकारण्यातही अर्थ नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. जहाज बंदराला लागले म्हणून भाव पडतो असे बहुतेकांना वाटते, परंतु भाव पडतो तो पिकाची बातमी पक्की होते तेव्हा. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस चांगला झाला, पीक मोठे येणार हे दिसले, की आयातदार डिसेंबर-जानेवारीच्या पाठवणीचे सौदे आधीच करून टाकतात आणि त्या सौद्यांचा भाव नोव्हेंबरमध्येच बाजारात मुरलेला असतो. म्हणून फेब्रुवारीत कोणी ‘माल येतो आहे, आता भाव पडणार’ असे सांगितले, तर तुम्ही शांतपणे एवढेच विचारावे की माल कोणत्या बंदरावर, कोणत्या महिन्यात आणि किती डॉलरने येतो आहे. त्याचे उत्तर मिळाले तर वरच्या रीतीने पडतळ काढता येते. उत्तर मिळाले नाही, तर ती बातमी तुमच्या विक्रीचा निर्णय ठरवण्याइतकी भक्कम नाही. जी आवक सगळ्यांना दोन महिने ठाऊक आहे, तिच्या भीतीने पुन्हा नव्याने भाव तोडून देण्याचे कारण नसते.

पीक मोठे आले म्हणजे ते सगळे आपल्याकडे येते असेही नाही. कॅनडात लाल आणि हिरवा असे दोन्ही मसूर पिकतात. आपल्या मिलना मुख्यतः लाल हवा असतो, तर हिरव्याचे मोठे ग्राहक उत्तर आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि युरोपकडे आहेत. त्यामुळे ‘कॅनडाचे पीक इतके लाख टन’ हा आकडा वाचताना त्यातला लाल किती हे पाहिल्याशिवाय त्याचा आपल्याशी संबंध जोडू नये. शिवाय लाल मसुराला तुर्कस्तान हा दुसरा मोठा गिऱ्हाईक आहे. तिथे आग्नेय भागात मसूर पिकतो, मे-जूनमध्ये काढला जातो, आणि मर्सिन व गाझियानतेपच्या मिल तो व आयात केलेला मसूर भरडून आसपासच्या देशांना विकतात. तुर्कस्तानात दुष्काळ पडला, जसा २०२१ मध्ये पडला होता, तर तो देश कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडून अधिक माल उचलतो आणि आपल्यावरचा दाब हलका होतो. अलीकडे कझाकस्तान आणि रशिया यांचा मसूरही त्या बाजारात उतरू लागला आहे, त्यामुळे तुर्कस्तानची खरेदी पूर्वीसारखी केवळ कॅनडावर अवलंबून राहिलेली नाही.

आणखी एक फरक असा आहे की सस्कॅचवानमधल्या शेतकऱ्याकडे स्वतःच्या शेतावर पोलादी कोठारे असतात आणि भाव पसंत नसेल तर तो माल वर्ष-दीड वर्षही ठेवू शकतो. त्यामुळे मोठ्या पिकाचा परिणाम एका हंगामात संपत नाही; न विकलेला साठा पुढच्या वर्षात जातो आणि पुढच्या वर्षी पीक थोडे कमी आले तरी तो साठा भाव चढू देत नाही. २०२५ मध्ये कॅनडाचे पीक आदल्या वर्षाहून ठळकपणे मोठे आले आहे. यंदाच्या मार्चचा विचार करताना ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. पुतण्याला सांगा की पेरणीच्या आकड्याबरोबर हंगामअखेरचा शिल्लक साठाही पाठवत जा. केवळ पेरणीच्या आकड्यावर थांबणारा माणूस हमखास फसतो.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो बोलला जातो त्याहून अधिक बोलला जायला हवा. स्पर्धकाचे पीक मोठे आले की तुमचे नुकसान पूर्ण होते. परंतु स्पर्धकाचे पीक बुडाले तर तुमचा लाभ अर्धवटच होतो. २०२१ साली कॅनडाच्या पश्चिम भागात भयंकर दुष्काळ पडला आणि मसुराचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २९ लाख टनांवरून १६ लाख टनांच्या आसपास कोसळले. जगभर भाव चढले. हिशेबाने पाहिले तर मध्य प्रदेशातल्या मसूर उत्पादकाचे ते वर्ष सोन्याचे ठरायला हवे होते. परंतु भाव चढू लागताच केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मसुरावरचे मूळ आयात शुल्क शून्यावर आणले आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर २० टक्क्यांवरून १० टक्के केला. त्याच महिन्यात कडधान्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे नवे पीक मंडीत यायच्या तोंडावर, उरलेला उपकरही काढून टाकला. चढलेल्या डॉलर भावाचा जो लाभ तुमच्यापर्यंत यायचा होता, त्यातला मोठा भाग शुल्ककपातीने वाटेतच शोषला गेला. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात विक्रमी पीक आले, भाव उतरले, आणि शुल्क मात्र शून्यच राहिले. ते पुन्हा १० टक्के झाले मार्च २०२५ मध्ये.

शहरातल्या ग्राहकाला डाळ परवडली पाहिजे यात मला शंका नाही. परंतु भाववाढ रोखायला सरकार काही आठवड्यांत धावते आणि भाव पडले की तीन-तीन वर्षे लावते, ही असमानता शेतकऱ्याच्या खिशातून भरली जाते, आणि ती मान खाली घालून स्वीकारावी असे मला वाटत नाही. तुमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी शुल्क हमीभावाशी जोडण्याची मागणी लावून धरली पाहिजे: आयात पडतळ हमीभावाच्या खाली गेली की शुल्क आपोआप वाढावे, वर गेली की कमी व्हावे, आणि हे सूत्र पेरणीपूर्वी जाहीर असावे. वरच्या उदाहरणात ३० टक्के शुल्क धरले तरी पडतळ ६,८३५ रुपये येते, आणि २०२५-२६ च्या रब्बीतल्या मसुराचा हमीभाव ७,००० रुपये आहे. म्हणजे त्या गृहीत भावाला ३० टक्के शुल्कही हमीभाव राखू शकत नाही. मग १० टक्क्यांचे काय बळ असणार?

शुल्काची ही तलवार दोन्हीकडून कापते. २०१४ आणि २०१५ या सलग दोन कमी पावसाच्या वर्षांनंतर आपल्याकडे डाळी कडाडल्या, तेव्हा ते भाव पाहून सस्कॅचवानच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये मसुराचा पेरा प्रचंड वाढवला आणि तीस लाख टनांहून अधिक पीक काढले. त्याच वर्षी भारतात पाऊस चांगला झाला, आपलेही कडधान्यांचे पीक विक्रमी आले, भाव कोसळले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने मसूर व हरभऱ्यावर ३० टक्के शुल्क लावले. तिथल्या शेतकऱ्याचे भाव त्यानंतर मोडले आणि पुढच्या वर्षी त्याने पेरा कमी केला. तो मे महिन्यात पेरतो तेव्हा आपला मान्सून अजून केरळातही पोहोचलेला नसतो, आणि तरीही त्याचे उत्पन्न त्या मान्सूनवर व दिल्लीच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. त्याला शत्रू समजण्याचे कारण नाही. तुमच्यासारखाच तोही दूरच्या आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो.

मसुराच्या भावावर केवळ मसूरच परिणाम करतो असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली आणि कॅनडा व रशियातून तो इतका आला की २०२४-२५ मध्ये देशाची कडधान्यांची एकूण आयात सत्तर लाख टनांच्या पलीकडे गेली. वाटाणा प्रामुख्याने हरभऱ्याची जागा घेतो, विशेषतः बेसनात. परंतु स्वस्त डाळ मुबलक असली की खाणावळी, हॉटेले आणि गरीब घरे तिकडे सरकतात आणि सगळ्याच डाळींचे भाव दबतात. नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागले आहे. उशिरा झालेला, पण योग्य निर्णय. आधीच आलेला माल मात्र गोदामांतून संपायला वेळ घेईल.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढेच जोडतो की तुरीचेही गणित याच रीतीने चालते. लातूर, अकोला, वाशीमची नवी तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते तेव्हा मोझांबिक, टांझानिया, मलावीचा ऑगस्ट-सप्टेंबरात निघालेला माल आधीच आलेला असतो आणि म्यानमारचे पीकही त्याच सुमारास तयार होते. मे २०२१ पासून तुरीची आयात मोकळी आहे. खालचा विक्रीविषयीचा विचार तूर उत्पादकांनीही आपापल्या महिन्यांत बसवून पाहावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मार्चमध्ये सगळा माल एका दिवशी विकणे जितके चुकीचे, तितकेच सगळा माल धरून बसणेही चुकीचे आहे. माझा पहिला आग्रह असा की हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी करून ठेवा, मग प्रत्यक्षात विकायची वेळ येवो वा न येवो. मध्य प्रदेशात ती ई-उपार्जन संकेतस्थळावर होते आणि तिची मुदत बहुधा काढणीच्या आधीच संपते. त्यामुळे भाव पडल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने ११,४४० कोटी रुपयांचे कडधान्य आत्मनिर्भरता अभियान मंजूर केले असून त्यात नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर नाफेड व एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी चार वर्षे शंभर टक्के खरेदी करावी अशी तरतूद आहे. कागदावरची तरतूद आणि केंद्रावरचा काटा यांत अंतर असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही यंदासारख्या वर्षी, जेव्हा पडतळ हमीभावाच्या बरीच खाली राहण्याची शक्यता आहे, तेव्हा तुमच्या मालाला खरा आधार याच एका खिडकीचा आहे. त्यासाठी ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि माल चाळलेला, काडीकचरा व माती नसलेला हवा. मळणीनंतर दोन दिवस उन्हाला द्यावे लागले तरी द्या. परत पाठवलेल्या ट्रॉलीचे भाडे त्याहून महाग पडते.

खरेदी केंद्रावर न जाणारा माल दोन भागांत पाहा. बँकेचा हप्ता, मजुरी, घरातले कार्य यांसाठी जेवढी रोकड लागते, तेवढा माल मार्चमध्येच विका आणि त्याबद्दल नंतर हळहळू नका. उरलेला माल ठेवायचा असेल, तर तो कशाच्या आशेवर ठेवतो आहोत हे स्वतःला स्पष्ट सांगता आले पाहिजे. एप्रिलअखेर मंडीतली आवक ओसरते आणि कॅनडाचे नवे पीक यायला ऑक्टोबर उजाडतो, त्यामुळे मे ते जुलै हा तुमच्यासाठी तुलनेने मोकळा काळ असतो. याच काळात सस्कॅचवानमध्ये पीक वाढत असते, आणि जून-जुलैत तिथे पावसाने ओढ दिली तर जगभरचा भाव काही आठवड्यांत चढतो. तसे झाले तर विका. तसे न झाले, तिथला पाऊस व्यवस्थित झाला, तर जुलैअखेर माल मोकळा करा आणि ऑगस्टच्या पुढे थांबू नका, कारण तिथून पुढे दर आठवड्याला नव्या पिकाची बातमी तुमच्या विरोधात जात राहील. साठवणीचा खर्चही हिशेबात धरा. महिन्याला शेकडा एक व्याज धरले तरी सहा हजारांच्या मालावर चार महिन्यांत क्विंटलमागे २४० रुपये होतात. गोदामभाडे आणि घट वेगळी. एवढ्या वाढीची वाजवी आशा नसेल, तर थांबण्यात अर्थ नाही. मसूर कोरडा असेल तर चांगला टिकतो, पण भुंगा लागला की पावसाळ्यात बघता बघता नासतो, म्हणून घरातल्या ओलसर खोलीपेक्षा नोंदणीकृत गोदाम बरे. तिथली इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती तारण ठेवून कर्ज मिळते आणि रोकडीची निकड असली तरी माल विकावा लागत नाही.

तुमच्या मालाचा दाणाही पाहून घ्या. कॅनडाचा क्रिमसन किंवा ऑस्ट्रेलियाचा नगेट या लाल मसुराच्या जातींशी थेट टक्कर होते ती मिलमध्ये जाऊन मलका (साल काढलेला अख्खा मसूर) किंवा डाळ होणाऱ्या मालाची. बंगाल, बिहार आणि आसामकडे बारीक दाण्याच्या देशी मसुराला स्वतःचे गिऱ्हाईक आहे आणि तिथे आयातीचा माल पूर्णपणे त्याची जागा घेऊ शकत नाही. तुमचा माल त्या जातीचा असेल, तर तो मिश्र ढिगात ओतू नका. वेगळा ठेवून त्या बाजूला माल पाठवणारा खरेदीदार शोधा.

तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘सोडू नका, पण पेरा दरवर्षी नव्याने ठरवा’ असे आहे. क्विंटलच्या भावाची तुलना करून गहू आणि मसूर यांत निवड करता येत नाही. एकरी हाती काय उरते ते पाहावे लागते, आणि त्यात मसुराचे पाणी कमी, खत कमी, आणि मागून येणाऱ्या पिकाला जमिनीत मिळणारे नत्र यांची किंमत धरावी लागते. ज्या तुकड्यांना गव्हाचे चार-पाच पाण्याचे फेर देता येत नाहीत, तिथे गव्हाचा मोह धरण्यात मला शहाणपण दिसत नाही. उलट ज्या तुकड्यात वर्षानुवर्षे मसूरच घेत आला असाल आणि मर रोग दिसू लागला असेल, तिथे भाव कितीही चांगला असला तरी पीक बदला. सस्कॅचवानच्या शेतकऱ्यांनाही मूळकुज रोगामुळे काही जमिनींत मसूर आणि वाटाण्याला अनेक वर्षे विश्रांती द्यावी लागते, आणि त्यांच्या पेऱ्यावर तोही एक अंकुश आहे.

पेरा ठरवताना तुमच्याकडे एक बळ आहे, ज्याची जाणीव आपल्याकडे फारशी कोणाला नाही. कॅनडाचा शेतकरी आपल्या पावसाची काहीच कल्पना नसताना पेरतो. तुम्ही मात्र ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये पेरता, आणि तोवर कॅनडाचे पीक निघून त्याचा सरकारी अंदाज ऑगस्ट-सप्टेंबरातच आलेला असतो, ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याचा सप्टेंबरचा पीक अहवाल निघालेला असतो, आणि रब्बीचा हमीभावही बहुधा जाहीर झालेला असतो. दोन्ही स्पर्धकांच्या हातातले पीक पाहून निर्णय घेण्याची सोय तुम्हाला आहे. तेव्हा पुतण्याला वर्षभर आकडे पाठवण्याचा त्रास देऊ नका. सप्टेंबरअखेर त्याने चार गोष्टी एका कागदावर लिहून पाठवाव्यात: कॅनडाचे लाल मसुराचे पीक आणि मागील साठा, ऑस्ट्रेलियाचा अंदाज, त्या दिवशीचे मसूर व पिवळ्या वाटाण्यावरचे शुल्क, आणि मुंद्र्याला पडणारा डॉलरमधला भाव. दोन्हीकडे पीक मोठे आणि शुल्क कमी असेल, तर मसूर चार-पाच एकरांवर आणा, म्हणजे जेवढा माल हमीभावाच्या केंद्रावर घालता येईल अशी खात्री आहे तेवढाच. एखाद्या देशाचे पीक बुडाले असेल तर आठ एकर ठेवा. मात्र त्या वर्षी शुल्क कमी होण्याची शक्यता मनात धरून, भाव चढताच पहिल्या चढाला अर्धा माल विकून टाका आणि नव्या अधिसूचनेची वाट पाहत बसू नका.